बुरशीच्या बरणीचं झाकण

मी झाकण बोलतोय. पत्र्याचं, हिरवं, आतून आटे असलेलं. रोह्याच्या सिपोराबाईंच्या घरी लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर नऊ वर्षं माझं राज्य होतं.

चौऱ्याण्णव साली त्यांची नात रूथ कॉलेजात शिकवायला लागली आणि माझे दिवस फिरले. तिनं बरणी धुतली, पेणच्या गुणाजींच्या गणपती कारखान्यातलं ब्रश धुतलेलं पाणी भरलं, थोडा गूळ घातला नि काळी बुरशी सोडली.

"आजी, ही जिवंत बुरशी रंगातलं शिसं ओढून घेते. गुणाजींचं पाणी विहिरीकडे जातं. हिनं ते साफ केलं, तर गुणाजी हिच्यासाठी टाकी बांधणार आहेत."

मला फडताळात टाकलं आणि बरणीच्या तोंडावर मलमलची चिंधी बांधली. का, तर बाईसाहेबांना हवा लागते!

मी जळून खाक झालो. भाकरीवर आली की हिला उकिरड्यावर फेकतात, आणि इथे रूथ उठल्या उठल्या आधी हिला बघायची, मग चहा. धातूचीच ओढ होती, तर मी काय मातीचा होतो?

मग कोकणातल्या ज्यू घरांतला अनाशी ढाकायचा सण आला. या सणाला सिपोराबाईंकडे अनाशी, म्हणजे आंबटाचं भांडं, आठ दिवस घट्ट झाकतात. रूथ पेपर तपासायला बाहेरगावी गेली होती. बाईंनी बरणी हुंगली. "ही पण आंबलीच हाय गो बाय," म्हणत चिंधी सोडली आणि मला लावलं.

हिला हवा लागते, हे मला ठाऊक होतं. तरी मी आटे आवळून बसलो. ते आठ दिवस मी फार सुखात होतो.

नवव्या दिवशी रूथ आली, पाठोपाठ गुणाजी. मला उघडलं तर कुजका भपकारा.

"मेली की ही," गुणाजी म्हणाले. "आता टाकी कशाला बांधू?"

सिपोराबाई पुढे आल्या. "पोरीची चूक नाय. मी झाकली, सणाची."

"सणाचं व्हय?" गुणाजी म्हणाले. "मग आणखी एकदा पाणी देतो."

रूथकडे बशीत थोडी बुरशी उरली होती. सिपोराबाईंनी मला पाट्यावर उपडं ठेवलं आणि खिळ्यानं सात भोकं पाडली. "आता सण पण होईल नि हिला वारा पण."

आज मी पुन्हा बरणीवर आहे, पण लोणच्याच्या कामाचा उरलो नाही. खाली ती वाढतेय, माझ्यातून श्वास घेतेय. हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू? पण मला गंज चढला, तर एवढं करा. आधी भोकं मोकळी करा.