एकाच खड्ड्यातल्या दोन लाइनी

"हॅलो, मानपाडा? मी करंबेळकर बोलतोय. आता इकडचं मशीन बंद करतोय हं. तयार आहात ना?"

तिकडून होकार आला. मग हरिहर करंबेळकरांनी ठाण्याच्या कॉम्प्युटर रूममधलं मोठं मशीन रीतसर बंद केलं आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. चाळीस सेकंदांनी ते फोनवरच हसले. मानपाड्याच्या कारखान्यातल्या जुळ्या मशीनने सगळं काम उचललं होतं. ऑर्डरी, पिंपांचे नंबर, ट्रकांचे गेटपास, कशाचंच काही अडलं नाही. दर महिन्याप्रमाणे पेढे वाटले गेले.

दाराशी धाकू नाखवा अनवाणी उभा होता. या खोलीत चपला घालून यायचं नाही, असा नियम होता आणि तो देवळातल्यापेक्षा कडक होता. सत्त्याण्णव साल चाललं होतं. कंपनी रंग बनवायची. ठाण्याचं मशीन बंद पडलं तर मानपाड्याने कारभार चालवायचा आणि मानपाड्याचं पडलं तर ठाण्याने, ही करंबेळकरांची वर्षभराची मर्दुमकी. धाकू चेंदणीचा कोळी, तीस वर्षं कंपनीच्या केबली टाकत आणि जोडत आलेला. मी आता मरतो म्हणून आधी फोन करून कळवायचं आणि मग छान मेलो म्हणून पेढे खायचे, असली परीक्षा त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याला या माणसाची मनापासून किळस यायची.

"साहेब, मशीन बंद करून काय समजनार?" तो म्हणाला. "दोघांमधली लाइन तोडून बघा."

"लाइन कशाला तोडायची, नाखवा? दोन आहेत. एक तुटली तर दुसरी आहे."

"आनि दोन्ही तुटल्या तर? इकडचा समजंल तिकडचा मेला. तिकडचा समजंल इकडचा मेला. दोघंपन घरचं मालक व्हतील. कोन मेला नि कोन जिता, ते सांगाला तिसरा कोनतरी पायजे."

करंबेळकरांचा मदतनीस पोपट फस्सकन हसला. साहेब सौम्यपणे म्हणाले, "नाखवा, ही काही होडी नाही. परदेशात हे शास्त्र शिकवतात." आणि त्यांनी धाकूच्या हातावर अर्धा पेढा ठेवला. धाकूने तो बाहेर आल्यावर कुत्र्याला घातला.

खरी गोष्ट करंबेळकरांनाही ठाऊक होती. एक लाइन शीळफाट्यावरून येत होती, दुसरी पार कल्याणला वळसा घालून. कारखान्याच्या फाटकापर्यंत हे अगदी खरं होतं. फाटकाच्या आत कंपनीची जागा, म्हणजे धाकूचं काम. तिथे दुसऱ्या लाइनीसाठी वेगळा चर खणायचा तर तो हिरवळीतून न्यावा लागणार होता आणि हिरवळीवर मोठ्या साहेबांनी स्वहस्ते लावलेलं अशोकाचं रोप होतं. कंपनीच्या मासिकात त्याचा फोटो छापून आलेला. करंबेळकर स्वतः मानपाड्याला येऊन म्हणाले होते, "झाडाला हात लावायचा नाही. पहिल्याच खड्ड्यातून दुसरी घे." वीस-पंचवीस किलोमीटर एकमेकींचं तोंड न पाहता आलेल्या दोन लाइनी शेवटचे दोनशे फूट अंगाला अंग लावून झोपल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात करंबेळकरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. दोन्ही लाइनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत संपूर्ण वेगळ्या मार्गांनी टाकल्या आहेत, असं त्यात लिहिलं होतं. खाली धाकूचं नाव.

"ह्ये खोटं हाय," धाकू म्हणाला.

"दोनशे फुटांचं काय घेऊन बसलास?" करंबेळकरांनी ड्रॉवर उघडून दुसरा एक कागद काढला. "बरं, तुझ्या मंजुळाचा अर्ज आलाय. टेलिफोन ऑपरेटरची जागा आहे. मुलगी चुणचुणीत दिसते."

मंजुळा बारावी होऊन दोन वर्षं घरात बसली होती. तिची आई मनुबाई बाजारात मासळी विकायची आणि पोरीच्या डोक्यावर पाटी यायची नाही, एवढा एकच हट्ट तिने आयुष्यात धरला होता. धाकूने सही केली, इंग्रजीत, शाळेत शिकलेल्या वळणदार अक्षरांत. त्या दिवशी तो करंबेळकरांचा इतका तिरस्कार करत होता, की स्वतःसाठी त्यातला जरासुद्धा शिल्लक राहिला नाही.

मंजुळा कामाला लागली. टेलिफोनच्या बोर्डापुढे बसलेली लेक बघून मनुबाई पहिल्या दिवशी दारातूनच समाधानाने परत गेली. पोरीच्या तोंडी मात्र बापाचंच नाव असायचं. ऑफिसातली केबल कुणी टाकली, जोड कुणी मारला, हे ती आल्यागेल्याला सांगायची. एक वाजता बापलेक तिच्याच खोलीत डबा खायचे.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी अकराला, मानपाड्याच्या फाटकाशी वॉचमनची नवी केबिन बांधायला जेसीबी लागला. त्याने एकाच घासात मशीनच्या दोन्ही लाइनी उचलल्या; फोनची तार वेगळी होती, तेवढी वाचली. ठाण्याच्या मशीनला वाटलं मानपाडा गेला. मानपाड्याच्या मशीनला वाटलं ठाणं गेलं. चार वाजेपर्यंत दोघंही तेच नंबर आपापल्या पिंपांना देत राहिले. आंबिवलीच्या एका गिऱ्हाइकाकडे रंगाऐवजी थिनर उतरला, तर एका ट्रकचा गेटपास दुसऱ्याच ट्रकवाल्याच्या हातात पडला. सगळा माल परत गोळा करून मोजायला आठ दिवस गेले.

चौकशी झाली. सगळा दोष जेसीबीवाल्याच्या माथी मारून कंपनी मोकळी झाली. करंबेळकरांना अधिक अभ्यासासाठी सिंगापूरला पाठवायचं ठरलं. धाकूला कुणी बोलावलंच नाही. निकाल कळला त्या दिवशी डबा खाताना तो भलताच खुशीत होता.

"मी सांगलेलं त्याला," तो भाकरी मोडत म्हणाला. "तिसरा पायजे म्हनून. मशीन जितं हाय का मेलं, एक फोन करून इचारायची अक्कल नाय. आनि चालला सिंगापूरला."

मंजुळा जेवायची थांबली.

"मी केलेला फोन," ती म्हणाली. "मानपाड्याला दुसरा एक कॉल जोडायचा होता, तर तिकडचे बोलले, तुमचं मशीन बंद आहे ना, आम्हीच चालवतोय सगळं. मी लगेच करंबेळकर सरांना सांगितलं. सर, दोन्ही चालू आहेत."

"मंग?"

"सर बोलले, शक्यच नाही, लाइनी वेगळ्या मार्गाने आहेत, दोन्ही एकदम तुटूच शकत नाहीत, मानपाड्याचं मशीनच गेलंय. मी तरी भांडत होते बाबा. मग ते बोलले, सर्टिफिकेट आहे आपल्याकडे, तुझ्याच बापाची सही आहे. मग मी गप्प बसले. म्हटलं, बाबांनी सही केलीय म्हणजे लाइनी वेगळ्याच असणार. माझंच ऐकण्यात चुकलं असेल. तेव्हा सव्वाअकरा वाजलेले."

ती आता बापाच्या तोंडाकडे बघत होती, त्याने काहीतरी सांगावं म्हणून.

"खड्डा एकच व्हता," तो म्हणाला. "झाडामुलं."

"आणि सही?"

"तुझी नोकरी व्हती."

मंजुळाची नजर बदलली. ही नजर धाकूला चांगली ओळखीची होती. तीस वर्षं दाराशी उभं राहून तो साहेबलोकांकडे अशाच नजरेने बघत आला होता. तो काही बोलणार, एवढ्यात बोर्डावरचा दिवा लागला. तिने हात पुसून हेडफोन चढवला.

"नमस्कार, ठाणे ऑफिस," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. मग तोंडापुढच्या माइकवर हात धरून, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही बाहेर जाऊन जेवा. ड्यूटीवर नसलेल्या माणसाने इथे बसायचं नसतं."

धाकूने अर्धा डबा तसाच बंद केला आणि उठला.