आणखी एक शक्यता

मितेशचा शेवटचा फोन आला तेव्हा पुतळाबाई धक्क्यावरून नुकतीच घरी आली होती. आवाज तुटत होता. "आये, इंजिन बंद पडलंय. बघतो आम्ही. बाबाला सांग," एवढंच तो म्हणाला. मग फोन लागलाच नाही.

इंजिन बंद पडणं माझगावच्या कोळीवाड्यात कुणाला नवं नव्हतं. दुसरी होडी दोर टाकून ओढून आणते, नाखवा खलाशांना शिव्या घालतो आणि गोष्ट तिथेच संपते. पण संध्याकाळी वादळाचा इशारा आला. ऑक्टोबर सरत आला होता, कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बाहेर गेलेल्या होड्या एकेक करून भाऊच्या धक्क्याला परतल्या. तिच्या नवऱ्याची, धोंडू नाखवाची 'एकवीरा कृपा' तेवढी आली नाही. धोंडूच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून यंदा होडी चालवणारा तांडेल होऊन मितेशच गेला होता. बरोबर मनू हा जुना खलाशी आणि पालघरकडचे दोघे भाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मितेशची धाकटी बहीण दिशा माटुंग्याला कॉलेजात जायला निघाली, तेव्हा शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. घरात ही वेळ आणि पोरगी कामाला चालली. पुतळाबाईने मात्र तिला अडवलं नाही.

"तुझं ते मशीन दर्याचं सांगतं ना?" तिने विचारलं.

"सांगतं, आये. पण नक्की असं नाही सांगत."

"मग जा. इचार त्याला."

दिशा तिथे पीएचडी करत होती. समुद्रात वाहून जाणाऱ्या वस्तूंचा माग काढणारा प्रोग्राम, हे तिचं काम. तेलाचा तवंग, जहाजावरून पडलेला कंटेनर, बंद पडलेली होडी, काहीही. वारा नेमका किती होता, प्रवाह कुठे वळला, हे कुणालाच पक्कं ठाऊक नसतं. म्हणून प्रोग्राम हजारो काल्पनिक होड्या पाण्यात सोडतो, प्रत्येकीला थोडा वेगळा वारा देतो आणि जास्तीत जास्त होड्या कुठे जाऊन जमतात ते बघतो. एका कॉम्प्युटरला हे झेपत नाही. कॉलेजच्या तळघरात कपाटांएवढ्या मशिनांची रांग होती, तिच्यावर हे काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून दिलेलं असे. प्रत्येक प्रोसेसकडे समुद्राचा एक तुकडा. होडी हद्द ओलांडून गेली की ही प्रोसेस शेजारणीला निरोप धाडते, आता तू सांभाळ.

अशा प्रोग्राममध्ये किती प्रोसेस लागणार हे बहुतेक वेळा सुरुवातीलाच ठरवतात. मध्येच नवी माहिती आली तर सगळं थांबवून पहिल्यापासून सुरू करायचं. दिशाने तीन वर्षं घालवली होती ती हे बदलण्यात. तिच्या प्रोग्रामची मुख्य प्रोसेस चालता चालता नव्या प्रोसेस सुरू करू शकत असे. त्यांना कुठून सुरुवात करायची ते कळवायची आणि जुन्या कामात खंड न पडता त्यांचेही निरोप ऐकत राहायची. त्यावर तिने पेपर लिहिला तेव्हा उदाहरण तेलाच्या तवंगाचं दिलं होतं. होडीचं द्यायला तिचा हात धजावला नव्हता.

तिच्या गाइड सुचित्रा मॅडम गिरगावच्या. कमी बोलणाऱ्या. त्या दिवशी दिशा यायच्या आधीच त्या तळघरात येऊन बसल्या होत्या.

"शोध घेणाऱ्या अधिकाऱ्यांशी माझं बोलणं झालंय," त्या म्हणाल्या. "आपण जागा सांगितली तर ते विचारात घेतील. तू बसू शकशील ना कामाला? नाहीतर मी बसते."

"बसते मी."

मितेशने फोन केला ती वेळ आणि तो साधारण कुठे असेल त्याचा अंदाज, एवढंच हातात होतं. दुपारपर्यंत नकाशा तयार झाला. काल्पनिक होड्या अलिबागच्या खाली, दक्षिणेकडे सरकत होत्या. शोधायला निघालेल्या बोटीही तिकडेच गेल्या होत्या. काही सापडलं नाही.

मग धोंडूचा फोन आला. मुरुडच्या एका तांडेलाला कापलेलं जाळं वाहताना दिसलं होतं, निळे तरंगते बोये लावलेलं, पण सगळ्यांनी धरलं होतं त्यापेक्षा खूपच बाहेर, पश्चिमेला.

"बोये आपलेच हायेत, बाय," धोंडू म्हणाला. "फोटो पाठवला त्याने. मी रंगवलेले मना कळणार नाय?"

म्हणजे होडी आधीपासूनच बरीच बाहेर गेलेली. दिशाने ती नवी जागा घातली आणि तिथून निघणाऱ्या होड्यांसाठी नव्या प्रोसेस सुरू करण्याची आज्ञा दिली. मशीनने नकार दिला. जागा शिल्लक नाही.

तिने पुन्हा दिली. पुन्हा तेच.

प्रोग्राम कितीही शहाणा असला तरी नव्या प्रोसेसला बसायला मोकळा प्रोसेसर लागतो, आणि मशीन सगळ्यांचं होतं. अर्ध्यावर निलेशचं काम चालू होतं. करी रोडचा निलेश, तिच्याच बरोबरचा. उंच टॉवरांभोवती वारा कसा फिरतो याचं त्याचं गणित महिनाभर चालू होतं आणि त्याच्यावर त्याचा प्रबंध अडला होता. तो मागे उभा राहून स्क्रीन बघत होता.

"माझं काम बंद करतो," तो म्हणाला.

"सेव्ह तरी कर आधी. महिन्याचं काम आहे."

"सेव्ह व्हायला वेळ जाईल. सरक जरा." त्याने तिच्यासमोरचा कीबोर्ड ओढला, दोन शब्द टाइप केले आणि एंटर दाबलं. "झालं. आता टाक तुझ्या."

नव्या प्रोसेस एकामागून एक उठल्या. त्यांनी मुख्य प्रोसेसकडून सुरुवातीची जागा घेतली, त्या कामाला लागल्या आणि त्यांचे निरोप स्क्रीनवर उमटू लागले. पहाटे वारा फिरला होता. आता दक्षिणेकडून वाहत होता. जाळं कापल्यामुळे हलकी झालेली होडी वाऱ्याबरोबर पळते, प्रवाहाचं फार ऐकत नाही. नव्या प्रोसेसमधल्या होड्या हळूहळू वळल्या आणि उत्तरेला निघाल्या.

"सगळे खाली शोधतायत," निलेश म्हणाला.

दिशाने सुचित्रा मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, बोटी मोजक्याच आहेत. मी उत्तर सांगितलं आणि तो दक्षिणेलाच असला तर?"

सुचित्रा मॅडमनी नकाशावरची जागा कागदावर उतरवून घेतली. मग फोन उचलून म्हणाल्या, "मी सांगते. चुकलं तर माझं चुकलं."

होडी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली, डहाणूच्या पश्चिमेला. नकाशावर होड्यांची सर्वांत जास्त गर्दी होती तिथून फार लांब नाही. फोन मॅडमना आला. त्या ऐकता ऐकता उभ्या राहिल्या. "माणसं जिवंत आहेत," एवढंच त्यांनी मोठ्याने म्हटलं, आणि निलेश तळघरात ओरडलाच. दिशाने तिथल्या तिथे घरी फोन लावला.

"आये, मिळाली होडी! जिवंत आहेत!"

पलीकडून पुतळाबाईचं रडणं ऐकू आलं, आणि तिच्या मागे आळीतल्या बायकांचा गलका.

दुसरा फोन थोड्या वेळाने आला. या वेळी मॅडम बसूनच राहिल्या. त्यांनी फोन ठेवला आणि दिशाचा हात धरला.

"तिघं आहेत, दिशा," त्या म्हणाल्या.

होडीवर चौघं गेले होते. कोण नाही ते मॅडमच्या चेहऱ्यावर होतं.

घरी पुन्हा फोन करायचा होता. दिशाने तो तीनदा हातात घेतला. नंबर समोर येई आणि बोट हलत नसे. शेवटी ती टॅक्सीने निघाली, समोर बसून सांगू असं ठरवून. आळीत शिरली तेव्हा सगळी दारं उघडी होती. कुणाच्या तरी मोबाइलवर मितेश त्या तिघांत नसल्याची बातमी आली होती. शेजारीण पेढे घेऊन आलेली, तिनेच ती वाचून दाखवली होती. पुतळाबाई भिंतीला टेकून बसली होती. दिशाला बघून तिने तोंड फिरवलं.

मनू हॉस्पिटलमधून सुटला तसा आधी धोंडूकडे आला. त्याच्या ओठांची सालं निघाली होती. तो आत येईना, उंबऱ्याबाहेरच बसला.

"जाळं इंजिनच्या पंख्यात गेलं होतं," तो म्हणाला. "तुमाला फोन केला आनि लगेच पाण्यात उतरला. मी म्हटलं, मी जातो. बोलला, मनूकाका, तुमचं वय झालं. कमरेला दोर बांधला, सुरी घेतली. अर्धं जाळं कापलं त्याने. मंग लाट आली. होडी उचलली ती त्याच्यावरच आपटली." त्याने दोन्ही हात पुढे धरले. "मी दोर ओढला, नाखवा. हलका लागला. तवाच समजलो."

 धोंडू उठायला काठी शोधू लागला, ती बाजूलाच होती.

पुतळाबाईने दिशाला विचारलं, "म्हंजे तू मशीन चालू केलंस, तवा तो नव्हताच."

"नव्हता, आये."

"मग कोणाला शोधत होतीस?"

 त्याच दुपारी पालघरच्या दोघा भावांची आई आली. दारातच तिने दिशाचे पाय धरले. दिशा मागे सरली, तिला उठवू लागली, पण ती बाई पाय सोडेना, रडत आशीर्वाद देत राहिली. पुतळाबाई उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

मितेश सापडला नव्हता. दिशा माटुंग्याला गेली आणि मॅडमना म्हणाली, "आणखी एक शक्यता घालायची आहे."

मॅडमना कळलं. प्रोग्रामला काय वाहतंय ते सांगावं लागतं. होडी निराळी वाहते, पोहणारा माणूस निराळा, आणि मेलेला माणूस निराळा. त्यासाठी स्क्रीनवर वेगळी नोंद होती.

"मी भरते," मॅडम म्हणाल्या. "तू बाहेर बस."

"नको. मला त्याचं वजन माहीत आहे."

तिने वजन भरलं. उंची भरली. अंगावर काय होतं, तिथे जाड कापडाची हाफ पॅंट आणि बनियन. मग शेवटची नोंद निवडली आणि आज्ञा दिली. जागा या वेळी भरपूर होती, निलेशने आपलं काम अजून सुरूच केलं नव्हतं. नव्या प्रोसेस उठल्या, त्यांना सुरुवात मिळाली, निरोप येऊ लागले. नकाशावरचे ठिपके पसरत गेले. रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन, मग उघडा समुद्र. कुठेच गर्दी होईना. तिने आणखी प्रोसेस सुरू केल्या, आणखी. ठिपके नुसते विरळ होत गेले.

"दिशा," मॅडम हळूच म्हणाल्या, "आता हे काही सांगत नाहीये."

"माहितीय मला."

काम संपलेल्या प्रोसेस एकेक करून निरोप देऊन बंद झाल्या. मुख्य प्रोसेस तेवढी कुणाचा निरोप येतोय का ते ऐकत थांबली होती. ती आपणहून थांबत नाही, तिला थांबवावं लागतं. दिशाने ती थांबवली आणि मग टेबलावर डोकं टेकून रडली. त्या दिवसांत पहिल्यांदाच.

महिन्याभराने, देह मिळालाच नाही म्हणून, दर्भाचा पुतळा करून विधी केले. धोंडूला पाण्यापर्यंत दोघांनी धरून नेलं. नारळ त्यानेच सोडला. 'एकवीरा कृपा' दुरुस्त होऊन रे रोडकडे उभी होती, तिला गिऱ्हाईक बघायला त्याने मनूला सांगितलं.

पुतळाबाई परत धक्क्यावर जाऊ लागली. दिशाशी ती बोले, पण भाजी आहे का, पाणी आलं का, एवढंच. माटुंग्याचं नाव घरात निघत नसे.

जानेवारीतल्या एका रविवारी सुचित्रा मॅडमचा फोन आला. उरणकडची एक होडी परत आली नव्हती. दिशा हो म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. पुतळाबाई मोरीवर मासे साफ करत होती. कोयत्यावरचा हात थांबला.

"कुणाची होडी?"

"नाव नाही कळलं अजून. उरणची आहे."

"पोरांच्या आया असतील घरी."

"असतील, आये."

पुतळाबाईने पाण्याचा तांब्या हातावर ओतला, लुगड्याला हात पुसले. मग तिने दिशाकडे पाहिलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ तोंडाकडे.

"कायबी कळलं ना," ती म्हणाली, "जिवंत असो नायतर नसो, पयलं त्या बाईला सांग. तू सांग. तिला दुसऱ्याच्या तोंडून नको कळायला."

 दिशाने मान हलवली.

"जा मग," पुतळाबाई म्हणाली. "उशीर करू नको."