ऑरिनने लावले का?

खोऱ्यात भोपळे लावण्याआधी प्रत्येकजण एवढंच विचारतो.

दंव गोठण्याची शेवटची तारीख रेडिओवर सांगतात, पण ती विमानतळाची. थंडी उतारावरून घरंगळत इथे तळाशी येऊन बसते, हे विमानतळाला काय ठाऊक? म्हणून सगळ्यांचे डोळे ऑरिन पेल्कीच्या शेताकडे; म्हाताऱ्याचा अंदाज कधी चुकला नव्हता.

यंदा त्याने मे लागताच लावले.

"डॅड, इतक्या लवकर?" त्याच्या मुलीने, नॅडीनने विचारलं.

"जून आहे. तुझी आईच म्हणाली काल."

आई जाऊन चार वर्षं झाली होती.

नॅडीन तेव्हाच फाटकापर्यंत गेली. शेजारच्या क्लेटनला हाक मारून सांगणार होती, की माझ्या बापाला आता…

वाक्य तिथेच राहिलं. क्लेटनने हात हलवला, तिनेही हलवला. दुपारी त्याचा ट्रॅक्टर सुरू झाला. मग पलीकडच्यांचा. मग त्यांच्या पलीकडच्यांचा.

कोंब दोन पानांवर आले आणि एका संध्याकाळी वारा पडला. आभाळ स्वच्छ. नको इतकं स्वच्छ.

फोन.

"म्हातारा काय म्हणतो? झाकायचं का?"

"झाक, क्लेटन."

"तो म्हणतोय की तू?"

तिने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं.

"अगं, एवढं शेत झाकू कशाने? बायकोच्या झग्यांनी?"

ऑरिन टेबलाशी घेवडा-पाव खात होता. "कोण गं?"

"क्लेटन. दंव गोठेल म्हणतो."

"जूनमध्ये? त्या पोराला शेतीतलं कधी कळलंच नाही."

पोर पन्नाशीचं होतं. नॅडीनने घरातल्या चादरी काढल्या. एक ओळ झाकली गेली, तीही अर्धीच.

सकाळी पानं काळी. उकडल्यासारखी लिबलिबीत. चादरींखालचीसुद्धा.

क्लेटन आला, टोपी हातात घेऊन. "ऑरिन, घरचं बी एकदाच पुरेल एवढं उरलंय. सगळ्यांकडेच तेवढं. पुन्हा कधी लावायचं, तुम्ही सांगा."

"पुन्हा?" ऑरिन काळ्या ओळीतच उभा होता. "अजून लावलेत कुठे? ओकची पानं खारीच्या कानाएवढी होऊ देत. आत्ता लावशील तर गोठून जातील. बापाने शिकवलं नाही का तुला?"

बरोबर होतं. अगदी बरोबर.

क्लेटनने खाली पाहिलं, पायाशी. मग नॅडीनकडे. त्याने विचारलं, "कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि तू लावू दिलंस?"

"अडवलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं."

"आता काय कळायचं राहिलंय?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तोवर ऑरिन कोठाराकडे गेला होता. बियांची पिशवी घेऊन बाहेर आला.

"चला," तो म्हणाला. "जून सरत आला."

रस्त्यावर शेजाऱ्यांच्या दोन गाड्या थांबल्या होत्या. काचा खाली. आतली माणसं वाकून बघत होती, ऑरिन पहिलं बी टाकतो का ते.