सकाळची शिफ्ट

डायलिसिसला सकाळची शिफ्ट मिळायची तर आधी कुणीतरी मरावं लागतं. हे कुणी तोंडाने बोलत नाही, पण नगरच्या आमच्या सेंटरबाहेर बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ आहे. पाठांतराचं मला विचारा, पस्तीस वर्षं मास्तरकी केली आहे मी.

माझी शिफ्ट दुपारी चारची. मंगळवार, गुरुवार, शनिवार. हातातल्या सुया निघेपर्यंत आठ वाजतात, आणि मग तिसगावच्या पुढे आमच्या वस्तीकडे जाणारं काही मिळत नाही. व्हरांड्यातल्या बाकावर आडवं व्हायचं आणि पहाटेची एसटी धरायची. सदुसष्टाव्या वर्षी, आठवड्यातून तीनदा. घरी बायको नीलांबरी एकटी जेवते, म्हणजे जेवतच नाही. दोन वर्षं मला एकच गोष्ट हवी होती, सकाळी सातची शिफ्ट. दुपारी आपल्या घरी, गरम जेवण, आपली गादी. एवढीशी हाव, पण देव काही पावत नव्हता.

चार नंबरच्या खाटेवर सकाळी नेवाशाकडची दगडाबाई असायची. मुलगा मच्छिंद्र स्वतःच्या टेम्पोतून आणायचा, टेम्पोतून न्यायचा. तिला रात्र काय आणि दिवस काय! मी लाज गुंडाळून तिला म्हटलं होतं, "निदान एक महिना अदलाबदल करू."

"न्हाई वो गुर्जी," ती म्हणाली, "सांजच्याला म्हशी माझ्याबिगर पान्हा सोडीत न्हाईत."

म्हशींपुढे माझी काय पत्रास? त्या दिवसापासून ती माझ्या डोक्यात बसली ती बसलीच. तिची खोकल्याची ढास ऐकू आली तरी मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

दुपारच्या एसटीचा भरवसा नाही म्हणून मी अकरालाच येऊन बसायचो. तेव्हा सकाळचे पेशंट सुटायचे. आत निवेदिता सिस्टर पथ्य सांगायची, लोक माना डोलवायचे आणि बाहेर येऊन मला विचारायचे. केळं चालेल? नाही. टोमॅटो? नाही. पाणी? दिवसाला पाऊण लिटर, त्यातच चहा धरायचा. मी कधी कंटाळा केला नाही. 'गुर्जी म्हनले' एवढं बोललं की घरातली भांडणं मिटायची.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मच्छिंद्र आईला बाकावर टेकवून रस्त्यापलीकडच्या गाड्यावर गेला. परत आला तो दोन्ही हातांत शहाळी घेऊन. सहा होती. मी मोजली.

"गुर्जी," तो म्हणाला, "आयची लई तगमग व्हतीय उन्हाची. पानी तर द्येता येत न्हाई. पावने म्हनले, शहाळ्यानं किडनी धुऊन निघती. चालतंय ना?"

मला ठाऊक होतं. पहिल्याच महिन्यात मी एक शहाळं प्यालो होतो, तेव्हा निवेदिता सिस्टरने मला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. त्यातला क्षार आमच्या अंगातून बाहेर पडत नाही, हृदय उभ्याउभ्या बंद पडतं. त्यात शनिवार. पुढचं डायलिसिस थेट मंगळवारी.

दगडाबाई माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ फुटले होते. तहान काय असते ते आम्हालाच माहीत. तिला फक्त माझ्या तोंडून 'हो' ऐकायचं होतं.

"शहाळं थंडच असतं," मी म्हणालो.

यात खोटं काय आहे? मुलांना मी कधी खोटं शिकवलं नाही.

मच्छिंद्रने तिथेच एक फोडून घेतलं. ती डोळे मिटून प्याली, थेंब सांडू न देता. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "बरं वाटलं, गुर्जी." मी पेपर उघडून तोंडासमोर धरला. टेम्पो सुरू व्हायला वेळ लागत होता. दोन पावलांवर होता तो. उठून हाक मारायला मला कुणी अडवलं नव्हतं.

मंगळवारी मी पोचलो तेव्हा निवेदिता सिस्टर दारातच भेटली. "गुरुजी, दगडाबाई रविवारी गेल्या. झोपेतच. सकाळचा नंबर तुमचा लागलाय, गुरुवारपासून या." सुंठीवाचून खोकला गेला. असं माझ्या मनात आलं, आणि पाठोपाठ स्वतःची किळस आली. पण नंबर दुसऱ्याला द्या असं म्हणालो नाही. तसं मनातसुद्धा आलं नाही.

पुढच्या सोमवारी मच्छिंद्रचा फोन आला. "गुर्जी, उद्या आयचा दहावा हाय. परवरेच्या घाटावर. सरपंच बोलनार हायती, पन आयला तुमीच जवळचे. दोन शब्द बोलायला या. शेवटच्या दिवशी लई खूश हुती वो ती. पोटभर शहाळं प्याली. तुमी न्हाई म्हनला असता तर तेवढं सुख बी न्हाई भेटलं असतं तिला."

मी म्हणालो, "उद्या सकाळी माझं डायलिसिस असतं."

"आयच्या खाटंवर ना?" तो म्हणाला. "मंग ते चुकवू नका. परक्याला भेटन्यापरीस तुमाला भेटली, ह्येच बरं झालं."

मंगळवारी सात वाजता मी चार नंबरच्या खाटेवर हात पसरला. तिकडे घाटावर पिंड मांडून ते कावळ्याची वाट बघत असतील, असं मला चारही तास वाटत राहिलं. एकला घरी पोचलो. नीलांबरीने ताट वाढलं आणि समोर बसली. म्हणाली, "दोन वर्षांनी तुम्हाला नीट जेवताना बघतेय."

मी आणखी एक पोळी मागून घेतली.