आपल्याच गाड्या

रस्त्याच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी खिशातला रुमाल काढून सायकलचं सीट पुसलं, तेव्हाच थोरलीने नाक मुरडलं. सीट स्वच्छ होतं. सकाळी तिनेच पुसलं होतं, साखळीला तेल दिलं होतं, जाड टायरांत खडीच्या रस्त्याला लागते तशी हवा जरा कमी ठेवली होती. पाहुणे सीटवर बसले, एक पाय जमिनीवर टेकवून हसले, फोटो निघाले, पाहुणे उतरले. झालं सायकलिंग! वर पुन्हा रुमाल काढून हात पुसले ते वेगळंच.

"शी!" थोरली म्हणाली, आणि आवाज दाबायची तसदीही घेतली नाही.

दरीच्या तोंडाशी तिचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. समोरून नदीच्या कडेकडेने वर डोंगरात गेलेला जुना रस्ता. एके काळी त्यावरून लाकडाचे ट्रक उतरायचे. ते बंद झाले आणि हौशी पोरं तिथे गाड्या उडवायला लागली. थोरलीने मात्र एकच धोशा लावला होता: हा रस्ता सायकलींना द्या, फाटक लावून गाड्या बंद करा. लोक हसले. तिला 'फाटकवाली' म्हणायला लागले. म्हणेनात का! शेवटी तिचा मोठा भाऊ दरी समितीचा अध्यक्ष झाला आणि गाडं पुढे सरकलं. बारीक खडी पडली, रोलर फिरला, वरच्या कुरणाकडे आणि नदीपल्याड जाणारे फाटे जोडले गेले, आणि दुकानासमोर लोखंडी फाटक बसलं. फाटकावर पाटी: गाड्यांना सक्त मनाई.

ही सगळी उठाठेव लोकांच्या भल्यासाठी चाललीय असं थोरली कधीच म्हणाली नाही. ती होती धाकट्या बहिणीसाठी.

धाकटी एका तापातून उठली ती बहिरी होऊन. त्याआधी सायकल म्हणजे तिचा जीव की प्राण. बहिरी झाल्यावरही चालवायची. मग एकदा मागून ट्रक आला, हॉर्न देत देत अगदी अंगाला घासून गेला, आणि हिला कळलं ते तो पुढे गेल्यावर. त्या दिवशी तिने सायकल दुकानात खुंटीला अडकवली ती अडकवलीच. ओठ वाचून तिला सगळं समजायचं. बोलायचीही, फक्त आपण किती मोठ्याने बोलतोय ते तिचं तिला कळत नसे.

"पुढचं मला दिसतं गं, ताई," ती म्हणायची. "मागचं कोण बघणार?"

"त्या रस्त्यावर मागून काही येणारच नाही," थोरलीने शब्द दिला होता. त्या एका शब्दावर धाकटी आज पुन्हा सायकलवर बसली होती. भाषणांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. फीत कापली गेली तशी तिने पायडल मारलं आणि निघाली.

थोरलीही मागोमाग निघणार, तोच तिला दादा दिसला. फाटकाच्या आडोशाला उभा राहून तो किल्ल्या वाटत होता. एक हॉटेलवाल्याला, एक खडीच्या ठेकेदाराला, एक स्वतःच्या मेहुण्याला.

"हे काय, दादा?"

"फाटकाच्या किल्ल्या गं. कुणाला वर जायचं झालं तर."

"कशाने जायचं झालं तर?"

"गाडीने. अशी काय तोंड वासून बघतेस? आपल्याच गाड्या आहेत! मनाई बाहेरच्या गाड्यांना."

"बाहेरच्या असं पाटीवर कुठे लिहिलंय?"

"ते लिहावं लागतं का? कळतं माणसाला."

आणि गंमत बघा, खरंच सगळ्यांना कळलेलं होतं! हॉटेलवाला म्हणाला, माझी गाडी छोटीच आहे. ठेकेदार म्हणाला, खडी मी टाकली आणि मलाच मनाई? मेहुणा म्हणाला, मी अगदी हळू चालवतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! ज्या तोंडांनी आत्ता 'निसर्ग, निसर्ग' म्हणून टाळ्या मिळवल्या होत्या, तीच ही तोंडं. पलीकडे पाहुण्यांचा ड्रायव्हर नव्या फाटकाच्या खांबावर धार सोडत उभा होता. थोरलीला वाटलं, निदान हा तरी जे करतोय ते उघड करतोय.

"पाहुण्यांना वरचं कुरण दाखवून आणतो," दादा म्हणाला. "गुडघे दुखतात त्यांचे."

"धाकटी वर गेलीय!"

"मग? रस्ता काय तिच्या एकटीचा आहे?"

पाहुणे गाडीत बसेपर्यंत थोरली सायकलवर बसून निघालीही होती. छाती फुटेस्तोवर तिने चढ मारला. दुसऱ्या वळणावर धाकटी दिसली. मजेत चालली होती. हात सोडून! दोन्ही हात पसरून, रस्त्याच्या अगदी मधोमध, मोठमोठ्याने काहीतरी बेसूर गात. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत ही पोरगी अशी दिसली नव्हती.

आणि मागे हॉर्न वाजला.

थोरलीने सायकल रस्त्यात आडवी टाकली आणि तिच्यापुढे उभी राहिली. गाडी खडी उडवत थांबली. दादा काचेतून डोकं काढून ओरडला, "वेड लागलंय का? हो बाजूला!"

"धाकटी पुढे आहे."

"मग हॉर्न देतोय ना मी मघापासून!"

"कुणाला देतोयस हॉर्न, दादा?"

थोरलीला वाटलं, आता त्याला लाज वाटेल. कसली लाज! "मग तू जा आणि तिला कडेला घे," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं तर काम. नाहीतरी ऐकू येत नाही, तिला कळणार पण नाही." मागच्या सीटवर पाहुणे घड्याळ बघत होते.

थोरलीला त्या गाडीची, गाडीतल्या अत्तराची, भावाच्या त्या घामेजलेल्या मानेची किळस आली. ती खाली, खडीतच, गाडीच्या चाकापुढे मांडी घालून बसली. वळवायला जागा नव्हती. दादाने शिव्या दिल्या, हातापाया पडून पाहिलं, आणि शेवटी गाडी मागे घेत, कडेच्या दगडांना घासत, खालपर्यंत उलटी नेली.

थोड्या वेळाने धाकटी परत आली. चेहरा लाल, केस विस्कटलेले. "ताई, वर काय वारा आहे!" म्हणता म्हणता तिची नजर खाली गेली. ताज्या खडीत चाकांच्या दोन रुंद चाकोऱ्या थेट थोरलीच्या पायापर्यंत आल्या होत्या.

"मागे कुणी होतं?"

थोरली खाली वाकून साखळी चाचपायला लागली. "रोलरच्या खुणा असतील," असं काहीतरी ती साखळीलाच म्हणाली.

"तोंड इकडे करून सांग."

तोंड इकडे करून खोटं बोलणं थोरलीला जमलं नाही. तिने सगळं सांगितलं. किल्ल्यांचं, हॉर्नचंही. धाकटी तिच्या ओठांकडे बघत राहिली आणि मग सायकल हातात धरून चालत खाली निघाली. बसली नाही. थोरलीला वाटलं, संपलं. आता ती सायकल पुन्हा खुंटीला जाणार.

पण धाकटी दुकानात गेली नाही. मंडळी फाटकापाशी नाश्त्यावर तुटून पडली होती. ती सरळ हॉटेलवाल्यासमोर गेली आणि हात पुढे केला. तो समजवायला लागला. ती त्याच्या तोंडाकडे बघेचना, आपल्या तळहाताकडेच बघत राहिली. जी ऐकत नाही आणि बघतही नाही, तिला समजवणार काय, कप्पाळ! त्याने किल्ली दिली. ठेकेदाराने दिली. मेहुण्याने तोंड वाकडं करून दिली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी रुग्णांच्या गाडीसाठी मिळालेली फाटकाची किल्ली आपणहून पुढे केली, तेव्हा धाकटीने त्यांची मूठ मिटवून परत त्यांच्याकडे सारली.

मग ती दादासमोर आली.

"अगं, मी तुझा सख्खा भाऊ आहे," दादा म्हणाला. "मी काय तुझ्या अंगावर गाडी घातली असती?"

या खेपेला तिने मान वर करून त्याचे ओठ वाचले होते.

"परक्याच्या गाडीखाली गेले असते तर लोक अपघात म्हणाले असते," ती म्हणाली. नेहमीसारखाच तिचा आवाज फार मोठा लागला, आणि खाणाऱ्यांचे हात थांबले. "तुझ्या गाडीखाली गेले असते तर काय म्हणाले असते?"

दादाने इकडे तिकडे पाहिलं. कुणी मदतीला येईना. त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

धाकटी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हात तिने मागे घेतला नाही.

मग दादाने दुसऱ्या खिशात हात घातला.