विमानतळावरून परत आलेली बॅग

मी इफ्फतबाईंची चामड्याची बॅग बोलतेय. सध्या इराणमधल्या गुरगान शहरात त्यांच्या पलंगाखाली असते. आत सामान भरलेलं आहे, पण मला कुठेही जायचं नाहीये.

तेहरानच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं. कायदा शिकायला निघालेल्या लेकीसाठी इफ्फतबाईंच्या वडिलांनी मला विकत घेतलं. ती लेक म्हणजेच इफ्फतबाई; ती शिकली आणि गुरगानच्या कोर्टात न्यायाधीश झाली. मी तिचा काळा झगा वाहिला. तेव्हा माझा तोरा काय वर्णावा!

मग क्रांती झाली. बायकांना न्याय देता येत नाही, असं ठरलं. इफ्फतबाई बर्फात तेहरानला मोर्चाला गेल्या आणि कपाळ फुटून परतल्या. कोर्टाने त्यांना टाइपरायटरपुढे बसवलं. झगा माझ्यात ठेवून त्यांनी मला पलंगाखाली ढकललं. पुढची कित्येक वर्षं मी फक्त धूळ खाल्ली.

मला बाहेर काढलं ते त्यांच्या लेकीने, सनोबरने. पोरगी कबड्डी खेळायची. तिची चढाई म्हणजे वीज! जिथे जिथे सामना, तिथे तिथे मी. लग्न झालं, एक पोरगी झाली, तरी ती खेळत राहिली. नवरा कामबीज चारचौघांत मिरवायचा, "माझी बायको चार जणांना ओढून नेते, माझी काय बिशाद!" सगळे हसायचे. मलाही तो बरा वाटायचा.

मग तिला परदेशातल्या स्पर्धेसाठी संघाची कप्तान केलं. त्या दिवसापासून घरातलं हसणं बंद झालं.

"मी नाही कुठे म्हणतोय?" कामबीज चहा ढवळत म्हणाला. "पण पोरीला कोण बघणार? लोक काय म्हणतील?"

"आई बघेल. आणि लोकांचं काय, ते तर टाळ्या वाजवतील."

त्याने चहा संपवून कप खाली ठेवला. सनोबरला वाटलं, मानला. गाणं गुणगुणत तिने मला भरलं. इफ्फतबाईंनी आलुबुखाऱ्याच्या आंबट वड्यांचा डबा कोंबला. "पोटभर खा गं, नुसती पळू नकोस."

विमानतळावर संघ रांगेत उभा होता. सनोबरचा पासपोर्ट पाहून अधिकारी खाली मान घालून म्हणाला, "बाई, तुम्हाला जाता येणार नाही. कायद्याने यजमानांची परवानगी लागते, आणि तुमच्या यजमानांनी हरकत घेतलीय."

"चूक झाली असेल. सकाळी त्यांनीच सोडलं मला."

"चूक नाही, बाई. बाजूला व्हा."

तिने फोन लावला. "कामबीज, तू हे काय केलंस? मुली थांबल्यात रे. एक फोन कर त्यांना. पाया पडते तुझ्या."

"येताना भाजी घेऊन ये," तो शांतपणे म्हणाला. "पोरगी वाट बघतेय."

माझी मूठ तिने इतकी घट्ट धरली होती की शिवण उसवली. संघातली सगळ्यात लहान नसीबा रडायला लागली. "ताई, तुझ्याशिवाय पहिली चढाई कोण करणार?"

"तू. डाव्या कोपऱ्यातलीला आधी दमव. जा, विमान चुकेल."

मुली काचेपलीकडे गेल्या. ती मला टेकून फरशीवर बसली. रडलीही नाही.

घटस्फोट मागितला तर पोरगी कायद्याने त्याच्याकडे राहील, हे इफ्फतबाईंना पाठ होतं. लेकीला समजावताना त्या मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "एके काळी मीच निकाल देत होते गं. आज तुला द्यायला माझ्याजवळ काही नाही."

सनोबर पोरीपाशी, त्या घरात परत गेली. मला मात्र आईकडे ठेवून गेली. "रिकामी करू नकोस," एवढंच म्हणाली. वड्यांना बुरशी लागली. जर्सीला माझ्या चामड्याचा वास लागला. संघ हरून परतला. पुढच्या स्पर्धेला तिला कुणी विचारलंच नाही.

वाचकहो, ज्याच्या एका शब्दावर दार बंद होतं, तो कुठे भेटला तर त्याला माझं एवढं सांगा. मी कुणाचं घर मोडायला निघाले नव्हते. पोरीला खेळणं आणायचं म्हणून सनोबरने माझा एक कोपरा मोकळा ठेवला होता. आम्ही परतच येणार होतो.