अर्ध्या कादंबऱ्यांचं साल

सौंदडच्या वाचनालयाचा एक नियम आहे, आणि तो टिकाराम ग्रंथपालाच्या डोक्यातून निघालेला असल्यामुळे त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. कालची कादंबरी कोणीही सांगेल, असं टिकारामचं म्हणणं. आज खाल्लेलं आजच कसं अंगाला लागणार? साल जाऊ द्या, मग सांगा. म्हणून दरवर्षी धान चुरून घरात आलं, की वाचनालयाच्या अंगणात दुपारी सभा भरते. गाव तिला शिळ्याची सभा म्हणतं. मागल्या हंगामात जी कादंबरी नेली असेल ती पुस्तक हातात न घेता उभं राहून सांगायची. ज्याला सांगता आली नाही, त्याला पुढलं सालभर कादंबरी बंद. त्यानं गांडूळखत आणि धानावरचा खोडकिडा असली पुस्तकं न्यायची आणि गपगुमान वाचायची.

शालिकराम शहाऱ्यानं या नियमाची आजवर कधी धास्ती घेतली नव्हती. पोस्टमास्तर म्हणून तो निवृत्त झाला, आणि निवृत्तीनंतर माणसं देवधर्म करतात, तसा तो कादंबऱ्या करू लागला. सभेत तो उभा राहिला, की बाया हातातली कामं खाली ठेवत. पण यंदा सभा तोंडावर आली आणि शालिकरामला घास गोड लागेना. कारण त्याच्या पोटात कादंबरी होती ती अर्धी. उरलेली अर्धी परसराम कापगत्याच्या पोटात होती, आणि परसरामशी त्याचं सालभर बोलणं नव्हतं.

हे अर्ध्याचं प्रकरण नीट सांगायला हवं. टिकाराम जाड कादंबरी कधी सबंध देत नाही. लोक उताणी धरून वाचतात, पुस्तकाची पाठ मोडते, पानं गळतात. म्हणून जाड पुस्तक आलं, की तो ते गोंदियाला बाइंडरकडे पाठवतो आणि मधोमध कापून त्याचे दोन भाग बांधून आणतो. एका वेळी एका माणसाला एकच भाग. ज्याला पहिला भाग मिळाला त्यानं दुसऱ्याची वाट पाहायची, आणि दुसरा भाग कोणी दाबून बसलं असेल तर नुसतं झुरायचं.

शालिकराम आणि परसराम यांना मात्र कधी झुरावं लागलं नाही. परसराम कादंबरी मुळी वाचायचाच दुसऱ्या भागापासून. गाव हसायचं, पण त्याला त्याचं काही नसे. कापगत्यांच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला, ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवी, आणि वाचण्याची रीतही त्यानं तिथूनच उचलली होती. "आमच्या म्हाताऱ्याईनं तलाव बांधला तवा पहिले काय पाह्यलं? पाणी जाईन कोठून ते पाह्यलं. सांडवा पहिले, पाळ मंग," असं तो म्हणायचा. "पहिल्या पानापासून वाचत जाणारा मानूस बुडते." शालिकरामला हे अडाणीपणाचं वाटे, पण सोयीचंही वाटे. एकानं पहिला भाग न्यायचा, दुसऱ्यानं दुसरा, आणि संपले की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून अदलाबदल करायची. अदलाबदल होईपर्यंत कादंबरीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, एवढी एकच अट होती.

ती अट परसरामनं मागल्या साली मोडली, आणि तीही दया येऊन मोडली, हे सर्वांत वाईट. कादंबरी नवीकोरी होती. तंबू टॉकीज घेऊन गावोगाव फिरणारा एक नवरा, आणि त्याच्या मागावर निघालेली त्याची बायको रुखमा. शालिकरामच्या भागाचं शेवटचं पान आलं तेव्हा रुखमा डोंग्यात बसली होती, वैनगंगा दुथडी भरून वाहत होती, आणि नावाड्याच्या हातातली काठी सुटली होती. पुढं पुठ्ठा. शालिकराम दोन वेळ धड जेवला नाही. पाळीवर येऊन बसला तो सुतकी चेहऱ्यानं.

"काऊन तोंड पाडून बसला रे?" परसरामनं विचारलं, आणि मित्राचा जीव हलका करावा म्हणून म्हणाला, "डोंग्यात नाई मरत रुखमा. ते त आखरीले मरते."

शालिकराम उठला, पँट झटकली आणि घरी निघून गेला. त्या दिवसापासून बोलणं बंद झालं ते झालंच.

सालभर मोठी गंमत चालली, म्हणजे गावाला गंमत. परसरामनं हात लावलेला भाग वाचायचा नाही असा शालिकरामनं पण केला, आणि हे कानावर गेल्यावर परसरामनंही तस्साच पण केला. शालिकरामच्या डोक्यात नुसते खून साचले, खुनी एकही सापडला नाही. मुली पळून गेल्या त्या अजून रस्त्यावरच होत्या. तिकडे परसरामच्या कादंबऱ्यांत धडाधड लग्नं लागत होती आणि नवरा कोण, नवरी कोण, याचा पत्ता नव्हता. दोघं समोरासमोर आले, की एक आभाळाकडे पाही आणि दुसरा तलावाकडे.

सभेच्या आधल्या आठवड्यात शालिकरामनं शेवटी पण गिळला आणि संध्याकाळी गुपचूप वाचनालयात गेला. म्हणाला, सहज आलो होतो, रुखमाचा दुसरा भाग असला तर पाहू.

"बाइंडरकडे हाये," टिकाराम म्हणाला. "साऱ्या जाड कादंबऱ्या पाठवलो गोंदियाले. सभा झाल्याबिगर येतच नाई. मुद्दाम पाठवतो मी, मास्तर. नाईतर लोक आधल्या दिवशी पाठ करून येतेत."

घरी येऊन शालिकरामनं बायकोला, लीलाबाईला, हे सांगितलं. लीलाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुमाले तोंड हाये, परसरामभाऊजीले तोंड हाये," ती म्हणाली. "जाऊन इचारा ना का पुढं काय झालं ते."

"मेलो तरी नाई इचारणार."

"मंग वाचा सालभर गांडूळखत."

शालिकरामनं तिसरा मार्ग काढला. पुढचं आपणच रचायचं. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटलेला माणूस, एक शेवट रचता येऊ नये? त्यानं दोन दिवस डोकं खाजवलं आणि लीलाबाईला समोर बसवून कादंबरी ऐकवली. रुखमा तरली. काठावर लागली. पुढल्याच गावात तंबू होता, तंबूत नवरा होता, नवऱ्यानं माफी मागितली. मग दोघांनी मिळून गोंदियात पक्कं टॉकीज बांधलं, आणि तिकीटखिडकीत बसली खुद्द रुखमा.

"आन परसरामभाऊजी म्हनले होते का ते मरते," लीलाबाई म्हणाली.

"माह्या कादंबरीत नाई मरत."

लीलाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. सालभर हा माणूस कशापायी रुसून बसला होता, ते तिला आत्ता कुठे कळलं. त्याला शेवट आधी कळल्याचं दुःख नव्हतंच. त्याला त्या बाईचं दुःख होतं, आणि ते ज्याच्याजवळ बोलावं तोच माणूस तोडून बसला होता. ती म्हणाली, "टॉकीजचं जरा जास्तच होऊन राहिलं."

सभेला अंगण भरलं. परसरामचा नंबर आधी लागला. त्यानं रुखमा सोडून दुसरीच एक कादंबरी काढली, तो नेहमीप्रमाणे शेवटापासून सुरू झाला, लग्नाच्या पंगतीतून उलटा चालत निघाला आणि मध्यावर येऊन, "बाकीचं तुमाले समजलंच असन," म्हणून खाली बसला. त्याला पहिली अर्धी येतच नव्हती हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याची रीतच ती, असं धरून लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे पाहून शालिकरामचा नुसता जळफळाट झाला. अडाणी रीतीचाही केवढा फायदा असतो.

मग तो उभा राहिला. पहिला भाग त्यानं असा सांगितला, की विचारू नका. साल लोटलं होतं, पण रुखमाच्या लुगड्याचा काठसुद्धा सुटला नाही. डोंगा मधोमध आला तेव्हा अंगणात पोरंही चिडीचूप झाली, आणि पणाला जागून इतका वेळ कानांत बोटं घालून बसलेल्या परसरामनं तेव्हा कुठे ती काढली. आणि तिथून पुढं शालिकराम आपल्या बेताप्रमाणे काठावर आला, तंबूत गेला, गोंदियात टॉकीज बांधून मोकळा झाला. बायांनी सुस्कारा सोडला. शालिकराम बसणार, एवढ्यात टिकारामनं उठून हात वर केला.

"मास्तर, एक इचारू का? तुमी पहिला भाग नेला ते मले याद हाये. दुसरा भाग तुमी कवाच नेला नाई. तो कापगतेभाऊनं नेला होता."

टिकारामनं स्वतः ती कादंबरी वाचली नव्हती. ग्रंथपालच वाचत बसला तर पुस्तकं कोण सांभाळील, असं तो म्हणे. पण कोणी काय नेलं ते तो विसरत नसे. पुढलं सगळं साल शालिकरामच्या डोळ्यांसमोर आलं, दुपारच्या दुपारी आणि हातात खोडकिडा.

"तुमीच सांगा मंग कापगतेभाऊ," टिकाराम म्हणाला. "तुमी वाचले. असंच हाये का शेवटले?"

सगळ्या माना परसरामकडे वळल्या. शालिकरामनं मात्र जमिनीकडे पाहिलं. आता हा सांडवा उघडणार, आणि सालभर तरंगत ठेवलेली बाई भर सभेत मरणार, हे त्याला दिसलं. कादंबऱ्या बंद होतील याचं भय क्षणभर मागंच पडलं. तिचं मरण ऐकायची आपली तयारी नाही, एवढंच त्याला कळलं.

परसराम सावकाश उठला. टोपी काढली, परत घातली.

"दुसरा भाग मीच देलो होतो याले. पाळीवर," तो म्हणाला. "आन हा सांगते ते बरोबर हाये. मरत नाई ते. मांगच्या साली मी याले मरते म्हनलो होतो. ते मी गलत सांगलो."

टिकाराम समाधानानं खाली बसला. टाळ्या पडल्या. शालिकराम मात्र उभा तो उभाच राहिला. शाळेत एका बाकावर बसल्यापासून तो परसरामला ओळखत होता. या माणसानं एकदा उन्हाळी धानाचं बियाणं खरिपात पेरलं होतं, आणि तेव्हाही चूक पावसाची होती, असं तो आजतागायत सांगे. त्याच्या तोंडून 'मी गलत सांगलो' हे शब्द निघाले म्हणजे ते शंभर टक्के खोटं होतं. इतकं मोठं खोटं त्याच्यासाठी आजवर कोणी बोललं नव्हतं. शालिकरामनं रुमाल काढून डोळे पुसले, आणि भर सभेत रुमाल काढावा लागल्याचा त्याला रागही आला.

सभा सुटली. परसराम चपला शोधत होता. शालिकराम त्याच्या मागं जाऊन उभा राहिला.

"जेवाले चाल," तो म्हणाला.

"काय केली लीलावहिनीनं?"

"मासोळ्या."

"मंग येतो," परसराम म्हणाला, जणू मधलं साल गेलंच नव्हतं.

लीलाबाईनं दोन ताटं वाढली. भाताच्या वाफेत दोघं जेवायला बसले. परसराम तलावातली मासोळी कशी ओळखावी ते सांगू लागला आणि अर्थात तलाव कोणी बांधला तेही आलं. शालिकरामनं ते पूर्ण ऐकून घेतलं, हे त्या घरात प्रथमच घडत होतं. मग त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"सांग आता. खरं काय होते ते सांग."

परसरामनं लीलाबाईकडे पाहिलं. तिनं भाताची पातेली जवळ ओढली आणि तीही खाली बसली.

"रागावशीन तू," परसराम म्हणाला.

"रागावन. पन उठून नाई जाणार."

तेव्हा परसरामनं सांगायला घेतलं, आणि घेतलं ते त्याच्या रीतीनं, शेवटाकडून. पहिल्याच वाक्यात रुखमा मेली. रिकाम्या तंबूत, पडद्यासमोर, एकटी. शालिकरामच्या डोळ्यांना धार लागली आणि परसरामनं त्याला लागू दिली. लीलाबाईनं भात वाढला. "त्याच्या आंधी?" शालिकराम म्हणाला. त्याच्या आधी रुखमा आजारी होती. त्याच्या आधी नवऱ्याशी भांडली होती, आणि त्याच्याही आधी एका गावच्या जत्रेत तो तिला दिसला होता आणि ती पोट धरून हसली होती. "त्याच्या आंधी?" परसराम एकेक पान मागं येत गेला, तसतशी रुखमा धडधाकट होत गेली. ताटावरचे हात सुकले तेव्हा कुठे ती नदीकाठी आली आणि ओल्या लुगड्यानिशी उलट्या पावली पाण्यात उतरून डोंग्यात येऊन बसली, जिवंत.

"एवढंच येते मले," परसराम म्हणाला. "त्याच्या आंधी काय हाये, देव जाने. ते डोंग्यात कायले बसली, हेच मले सालभर समजलं नाई."

"थांब," शालिकराम म्हणाला, आणि मांडी नीट घालून बसला. "ते मी सांगतो."